जळगावच्या उन्हात जग्वार एक्सजे६ की मर्सिडीज ३००डी?

प्रश्न थोडक्यात असा: घर जळगावात, गाडीला पक्कं शेड आहे, पैसे एकाच गाडीपुरते आहेत. समोर दोन गाड्या आहेत. एक १९८३ची जग्वार एक्सजे६ सिरीज ३, ४.२ लिटर, ऑटोमॅटिक, मुंबईहून आलेली. दुसरी त्याच वर्षाची मर्सिडीज डब्ल्यू१२३, ३००डी. किमती जवळजवळ सारख्या. महिन्यातून दोन-तीनदा धुळ्याला, नाशिकला किंवा चाळीसगावहून कन्नड घाट चढून संभाजीनगरला जायचं आहे. घ्यायची कोणती?

भाऊ, नेमाने चालवायची असेल तर ३००डी घ्या. दर रविवारी दोन तास गाडीखाली घालवायची तयारी असेल, तर जग्वार घ्या. तिच्यासारखी मऊ, बिनआवाजाची चाल मर्सिडीजला नाही. मागे एकेका चाकाला दोन-दोन स्प्रिंगा, पुढे-मागे जाड रबरावर तरंगत ठेवलेले सबफ्रेम, यांमुळे ती खड्ड्याची खबर आत पोचू देत नाही. पण दोन्ही गाड्यांची दुखणी निराळी आहेत आणि आपल्याकडच्या हवेत ती निराळ्या वेगाने वाढतात. निर्णय त्यावरच घ्यायचा.

सगळ्यात आधी पाणी. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, आणि जग्वारच्या एक्सके इंजिनाचं सगळ्यात जुनं दुखणं ब्लॉकच्या आत बसलेल्या गाळाचं आहे. या इंजिनात सिलिंडरची मोजणी मागून होते, एक नंबर फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे. गाळ तिथेच, एक आणि दोन नंबरच्या भोवती साचतो. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना ब्लॉकच्या मागच्या अंगाचा ड्रेन टॅप उघडायला सांगा. पाण्याची धार लागली तर ठीक. नुसते थेंब आले किंवा काहीच आलं नाही, तर तार आत घालून बघा. काळसर-तांबूस, गढूळ चहाच्या चोथ्यासारखा गाळ येतो. असा गाळ असलेली गाडी शहरात बिनतक्रार चालते आणि घाटात एसी लावला की तापते. गॅरेजवाला रेडिएटर बदलायला सांगतो, तरी ती तापतच राहते, कारण अडथळा ब्लॉकमध्ये असतो. उपाय एकच. ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग (पाण्याच्या जागेवरच्या पत्र्याच्या गोल चकत्या) काढायचे, तारेने खरवडायचं, आणि पाणी उलट दिशेने, म्हणजे नेहमीच्या प्रवाहाच्या विरुद्ध, स्वच्छ येईपर्यंत सोडायचं. दोन दिवसांचं काम आहे. हे न करता नुसतं हेड उतरवून गॅसकेट बदललं तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

४.२च्या ब्लॉकमध्ये आणखी दोन गोष्टी आहेत. सिलिंडर एकमेकांना चिकटून आहेत, मधून पाणी जात नाही, म्हणून खूप तापलेला ब्लॉक दोन सिलिंडरच्या मधे तडकतो. आणि नंतरच्या ४.२ इंजिनांत हेडचे लांब स्टड पाण्याच्या जागेतून खाली जातात. पाणी खारट असेल तर ते आतल्या आत गंजून बारीक होतात आणि हेड आवळताना तुटतात. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, ते या इंजिनात कधीही घालू नका. डिस्टिल्ड पाणी आणि चांगलं कूलंट निम्मं-निम्मं. एक्सजे६ला सुमारे १८ लिटर लागतं, त्यामुळे ९ लिटर कूलंट आधी आणून ठेवा. दर दोन वर्षांनी बदला, रंग चांगला दिसत असला तरी.

पंख्याची व्हिस्कस कपलिंग (पंख्याला इंजिनाशी जोडणारी, आत सिलिकॉन तेल असलेली) तपासायला मोठं साधन लागत नाही. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बंद करा आणि पंखा हाताने ढकला. एखाद्या फेऱ्यात थांबला तर कपलिंग चांगली. दोन-तीन फेऱ्या सहज फिरत राहिला तर आतलं सिलिकॉन गळून गेलं आहे. एसीच्या कंडेन्सरच्या पुढे जादा इलेक्ट्रिक पंखा लावायचा असेल तर त्याला स्वतंत्र रिले आणि स्वतंत्र फ्यूज द्या.

इथे खास आपल्या भागातली एक गोष्ट. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आजूबाजूला आणि कापूस भरलेल्या ट्रकांच्या मागे चालताना सरकीची लव उडते. ती कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत जाऊन बसते, वर काळ्या मातीची धूळ बसते, आणि त्याचं नमद्यासारखं गोधडं तयार होतं. समोरून जाळी स्वच्छ दिसते, आत हवा जातच नाही. वर्षातून एकदा, साधारण फेब्रुवारीत, कंडेन्सरचे बोल्ट सैल करून तो पुढे ओढायचा आणि रेडिएटरवर आतल्या बाजूने, इंजिनाकडून पुढे, हलकं पाणी मारायचं. प्रेशर वॉशरची तोटी जवळ नेली तर फिन वाकतात. हे दोन्ही गाड्यांना लागू आहे.

मर्सिडीजच्या बाबतीत पाण्याची काळजी याच्या पावपटही नाही. ३००डीचं ओएम६१७ इंजिन ८० अंशांच्या थर्मोस्टॅटवर चालतं. घाटात एसीसह ९५पर्यंत काटा गेला तर घाबरायचं कारण नाही. ११०च्या पुढे जाऊ द्यायचा नाही, कारण तापवून ठेवलेलं हेड प्री-चेंबरजवळ (डिझेल आधी पेटतं त्या लहान पोकळीजवळ) तडकतं.

आता ३००डीला पसंती देण्याचं खरं कारण सांगतो. तिचं पाच सिलिंडरचं इंजिन आणि मर्सिडीजच्याच २४०डीचं चार सिलिंडरचं ओएम६१६ एकाच घराण्यातली. नंतरच्या वर्षांत बोअर ९०.९ आणि स्ट्रोक ९२.४ मिलिमीटर, दोन्हींना तोच. आणि हेच ओएम६१६ बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, परवान्यावर आपल्या देशात बनवलं आणि ट्रॅक्स-ट्रॅव्हलरमध्ये बसवलं. चोपडा, यावल, शहादा, साक्री या रस्त्यांवर माणसं वाहणाऱ्या ट्रॅक्स ज्यांनी वर्षानुवर्षं बांधल्या, त्या मिस्त्रींना या मर्सिडीजचं बॉनेट उघडल्यावर ओळखीचं इंजिन दिसतं. धुळ्या-जळगावच्या पंपवाल्यांकडे बॉशचे नॉझल तपासायचं यंत्र असतंच. साध्या, बिनटर्बो ३००डीचे नॉझल ११५ ते १२५ बारला उघडले पाहिजेत, पाचही एकमेकांच्या जवळ. मात्र ट्रॅक्सचा भाग डोळे मिटून बसवू नका. संप, ब्रॅकेट, फिल्टरचं घर यांत फरक आहे आणि नंतरच्या ट्रॅक्समध्ये इंजिन आणखी बदललं. पार्ट नंबर जुळवा, नाहीतर जुना भाग हातात घेऊन कॅलिपरने मोजा.

या इंजिनावर होणारा सगळ्यात मोठा अन्याय म्हणजे विनाकारण ओव्हरहॉल. जानेवारीच्या गारठ्यात गाडी सुरू व्हायला वेळ लागतो, धूर मारते, ओढ कमी वाटते; कुणीतरी कॉम्प्रेशन बघतो आणि ‘रिंगा गेल्या, बांधावं लागेल’ म्हणतो. आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट, बघा. या इंजिनात टॅपेट आपोआप जुळत नाहीत, आणि वापराने फट वाढण्याऐवजी कमी होत जाते. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन सुटतं. थंड इंजिनावर इनटेक ०.१० आणि एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर, साधारण दर २४,००० किलोमीटरला. त्यासाठी १४चे तीन पातळ पाने लागतात, त्यांतले दोन वाकवलेले. इंजिन फिरवताना उलट फिरवायचं नाही. हे केल्यावर मग कॉम्प्रेशन घ्या. नव्या इंजिनाचं २२ ते २४ बार असतं, १५पर्यंत चालतं, पण दोन सिलिंडरमधला फरक ३ बारपेक्षा जास्त नको. ग्लो प्लगही (थंड इंजिन सुरू होताना आत ऊब देणारे) त्याच दिवशी तपासा. १९८०च्या आधीच्या गाड्यांत ते एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला की पाचही गप्प.

मर्सिडीजची खोड व्हॅक्यूमची. दारांची लॉकं, एसीच्या झडपा, ऑटोमॅटिकचं गिअर बदलणं आणि खुद्द इंजिन बंद करणं, सगळं व्हॅक्यूमवर चालतं. चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं, ही या गाडीची प्रसिद्ध तक्रार. त्यात इंजिनाचा काही दोष नसतो. बहुतेकदा मागच्या दाराच्या लॉकमधला रबरी पडदा फाटलेला असतो आणि त्यातून व्हॅक्यूम गळतो. तेवढ्यापुरतं बॉनेट उघडून इंजिनावरचा ‘स्टॉप’ लिहिलेला दांडा दाबा. मग हातपंपाच्या गेजने एकेक फांदी बंद करत जा, जिथे सुई स्थिर राहील तिथे गळती सापडली. पण व्हॅक्यूम पंपातून खडखड येत असेल तर थांबा. त्याचं बेअरिंग फुटून तुकडे टायमिंग चेनमध्ये गेले तर इंजिनच जातं. पंप वेळेवर बदलणं त्यापुढे स्वस्त.

बाकी तिची कामं मोजकी आहेत. प्रोपेलर शाफ्टच्या रबरी फ्लेक्स डिस्क बोल्टच्या भोवती तडकतात, नॉझलवरच्या कापडी वेष्टनाच्या बारीक परतीच्या नळ्या झिरपतात (मीटरभर नळी आणली की अर्ध्या तासात होतात), आणि स्टेअरिंग बॉक्सला थोडी ढिलाई असतेच. ती मोडायला वरचा स्क्रू कुणी घट्ट आवळला तर सरळ चालवताना बरं वाटतं, पण वळणावर अडकतं आणि बॉक्स कायमचा खराब होतो. फ्यूज चिनी मातीच्या नळीचे असतात. एखादा दिवा किंवा वायपर मधूनच बंद पडला तर आधी सगळे फ्यूज बोटाने गरगर फिरवा. टोकांवर चढलेला गंज निघाला की निम्म्या तक्रारी मिटतात.

जग्वारच्या वायरिंगवर सगळा दोष तिचे विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या नावावर टाकायची पद्धत आहे. खरी गडबड बहुतेकदा अर्थमध्ये असते. हेडलाइट लावून, इंजिन चालू ठेवून, मल्टिमीटरची एक सुई अल्टरनेटरच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थच्या पट्ट्या काढून पत्र्यापर्यंत घासा. आणि फ्यूजबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण यात गाड्या जळतात. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ‘३५’ लिहिलेलं असतं ते वितळण्याचं माप आहे, सतत पेलण्याचं माप त्याच्या निम्मं, साडेसतरा. बाजारातल्या दुसऱ्या काचेच्या फ्यूजवर ३५ म्हणजे सतत ३५. दिसायला दोन्ही सारखे. चुकीचा बसवला तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर वितळते.

तशीच दुसरी चूक पान्यांची. जग्वारचे बहुतेक नटबोल्ट इंची आहेत आणि आपल्या गॅरेजच्या पेटीत मिलिमीटरचे पाने. ५/८ला १६चा पाना चालतो, ३/४ला १९चा अगदी बसतो. पण १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याला १३चा लावला की दोन-चार वेळांत नटाचे कोपरे गोल होतात. ७/१६ म्हणजे ११.११; ११चा चढत नाही, १२चा घसरतो. ९/१६ म्हणजे १४.३, १४चा चढत नाही, १५चा सैल पडतो. यापेक्षा वाईट म्हणजे आटे. ५/१६चा बोल्ट हरवला की त्या जागी ८ मिलिमीटरचा घुसवतात, जाडी जवळपास सारखीच म्हणून. आटे जुळत नाहीत, ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात आणि मग हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) मारत बसावं लागतं. इंची रिंग पान्यांचा आणि गोटी पान्यांचा एक संच गाडीबरोबरच विकत घ्या, मिस्त्रीकडे जाताना स्वतः घेऊन जा. काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्याच भोकात हाताने दोन-तीन फेरे लावून ठेवा, म्हणजे अदलाबदल होत नाही.

जग्वारचे मागचे ब्रेक चाकाजवळ नसून आत, डिफरन्शियलला लागून आहेत. चालीला फायदा, दुरुस्तीला डोकेदुखी. डिस्कची उष्णता थेट डिफरन्शियलच्या सीलला लागते, सील कडक होऊन तेल सोडतं, तेल डिस्कवर येतं, आणि मागचे ब्रेक फक्त नावाला उरतात. लिफ्टवर चढवून डिस्कच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. ओलसर काळा थर दिसला तर किंमत करताना तो खर्च धरा. नीट करायचं तर मागचा सगळा पिंजरा खाली उतरवावा लागतो. प्रोपेलर शाफ्ट, रेडियस आर्म (मागचं चाक बॉडीला जोडणारा दांडा), ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, आणि चार रबरी माउंट सोडायचे. एकदा उतरवला की सील, डिस्क, हँडब्रेकचे कॅलिपर आणि माउंट सगळं एकदम करून टाका, परत परत उतरवायची ती गोष्ट नाही.

पेट्रोल हा तिसरा विषय, आणि धोक्याचा. सिरीज ३च्या ४.२ला इंजेक्शन आहे, सहा इंजेक्टरना प्रत्येकी बोटाएवढी रबरी नळी, आत सुमारे अडीच बारचा दाब, आणि खाली तापलेलं इंजिन. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यात जुनं रबर फुगतं आणि मग भेगाळतं. गाडी घेतल्यावर पहिलं काम या नळ्या बदलण्याचं. एसएई जे३० आर९ दर्जाची नळी मागा, साधी कार्ब्युरेटरची नळी नको. त्यानंतर दर पाच वर्षांनी बदला. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर सेल्फ मारू नका. मागच्या दोन्ही मडगार्डमध्ये एकेक टाकी आहे, साधारण ४८ लिटरची. झाकणाभोवतीची पाणी वाहून जायची नळी मातीने बुजते, पावसाचं पाणी टाकीवर साचतं आणि ती वरून गंजते. दोन्ही टाक्या आलटून-पालटून वापरा, नाहीतर टाकी बदलायचा व्हॉल्व्ह अडकून बसतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची झाली तर टाक्या भरलेल्या असू द्या.

एक्सके इंजिनाच्या वरच्या भागात टॅपेटचे गाइड बघून घ्या, खासकरून एक्झॉस्टच्या बाजूचे. खूप तापलेल्या हेडमध्ये ते सैल होऊन वर येतात आणि कॅमला धडकतात. त्यांना दाबून धरणाऱ्या पट्ट्यांचा संच मिळतो, कॅम कव्हर उघडलंच आहे तर बसवून घ्या. मागच्या क्रँक सीलमधून थोडं तेल गळणार, ते धरून चला. तेवढ्यासाठी इंजिन उतरवायचं नाही. ऑइल प्रेशर मात्र बघा. गरम इंजिनावर ३००० आरपीएमला ४० पीएसआयच्या आसपास हवं. पण गेजवर विश्वास ठेवण्याआधी यांत्रिक गेज लावून खात्री करा, गाडीतला सेन्सर हमखास खोटं बोलतो. १२ सिलिंडरची एक्सजे१२ कुणी स्वस्तात देत असेल तर आपल्या हवेत घेऊ नका. बॉनेटखालची उष्णताच सगळे रबर आणि वायरी खाते.

सुटे भाग मिळण्याच्या बाबतीत लोकांचा समज उलटा आहे. जग्वारचे भाग इंग्लंडमधले खास पुरवठादार आजही बनवतात, आणि एकेक भाग बऱ्याचदा मर्सिडीजच्या त्याच भागापेक्षा स्वस्त पडतो. अडचण अशी की ते सतत लागतात. मर्सिडीजचा भाग पार्ट नंबर देऊन मागवता येतो, महाग असतो, पण बसवला की विसरून जायचा. कोणतीही घेतली तरी खरेदीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा.

बाजारात फिरताना आणखी दोन गाड्या तुमच्यासमोर येतील. पुण्यात १९९५पासून बनलेली डब्ल्यू१२४ची ई२२० दिसायला सोपी वाटते, पण त्या काळातल्या इंजिन वायरिंगचं आवरण उष्णतेने बिस्किटासारखं चुरा होतं. इंजेक्टरजवळची वायर अलगद वाकवून बघा. आवरण तडकलं तर सगळी हार्नेस बदलायची. रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोचे ब्रेक उच्च दाबाच्या हायड्रॉलिकवर आहेत, त्यात आरआर३६३ तेल लागतं. नंतरच्या सिल्व्हर स्पिरिटमध्ये खनिज तेल. एकाचं दुसऱ्यात टाकलं की गाडीतला प्रत्येक सील जातो. ती वाट सध्या सोडा.

तुमच्या बाबतीत खरी मेख ‘मुंबईहून आलेली’ या शब्दांत आहे. खान्देशची हवा कोरडी, इथे वाढलेल्या गाडीचा पत्रा टिकतो. समुद्राजवळ वीस वर्षं उभी राहिलेली एक्सजे६ आतून पोखरलेली असू शकते. लहान चुंबक पातळ कापडात गुंडाळून दारांखालच्या सिलवर, मागच्या चाकांच्या कमानींवर, पुढच्या काचेच्या खालच्या कडेवर फिरवा. चिकटला नाही तिथे पुट्टी आहे. रेडियस आर्म जिथे बॉडीला जोडलाय ती जागा आणि पुढचा क्रॉसमेंबर खालून पेचकसाने टोचून बघा. तिथे पत्रा मऊ लागला तर गाडी सोडा, इंजिन कितीही गोड चालत असलं तरी. डब्ल्यू१२३मध्ये जॅक लावायच्या जागा, बॅटरीखालचा ट्रे आणि डिकीतली स्टेपनीची खोळ बघा.

कागदांत आरसीवरचा इंधनप्रकार, चेसिस आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष खोदलेल्या नंबरशी जुळवा. पूर्वी पेट्रोलच्या कितीतरी परदेशी गाड्यांत डिझेल इंजिन बसवली गेली आणि आरसीवर नोंदच झाली नाही. कस्टमची ड्यूटी भरल्याचा कागद मागा. १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, ते झालेलं नसेल तर एमएच-१९वर गाडी नावावर होण्याआधीच अडकाल. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१पासून ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी आहे, पण त्यात रोजचा वापर चालत नाही, म्हणून नाशिकच्या फेऱ्यांसाठी ती तुमच्या कामाची नाही.

दोन्ही गाड्या बघायला सकाळी लवकर जा, आणि येतो म्हणून आधी कळवाल तेव्हाच सांगा की आपण पोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करा, ड्रेन टॅप उघडा, मग सेल्फ मारा. नंतर एसी लावून अर्धा तास चालवा, बंद करून पंधरा मिनिटं उन्हात उभी ठेवा, आणि पुन्हा सुरू करा. जग्वारला तेव्हा सुरू व्हायला वेळ लागला तर इंधनाच्या लाइनमधला दाब टिकत नाही. मर्सिडीज चावी काढल्यावर दोन सेकंदांत गप्प झाली पाहिजे.